पाण्याखालचा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

पाण्याखाली आपलं आपण फिरून तळाचे फोटो काढणारी आणि त्यातून नकाशा जुळवणारी यंत्रं, असा विषय गेल्या अंकातल्या लेखाचा होता. त्यावर आलेली पत्रं बहुतेक नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतली आहेत. समुद्र इथून लांब, पण प्रश्न मात्र हात ओले केलेल्या लोकांचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी द्राक्षबागांचे ड्रोनने नकाशे करून देतो. तसाच कॅमेरा वॉटरप्रूफ डब्यात घालून पाण्याखालच्या यंत्राला लावला, तर तेच सॉफ्टवेअर चालेल ना? वेगळं काय करावं लागेल? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : सॉफ्टवेअर चालेल. बाकी जवळजवळ सगळं बदलेल.

ड्रोनच्या प्रत्येक फोटोवर जीपीएसचा शिक्का असतो. पाण्यात या रेडिओलहरी काही सेंटिमीटरांतच विरतात. म्हणजे खाली जीपीएस नाही, रिमोट नाही, मोबाइलवर थेट चित्रही नाही. शिवाय ड्रोन चाळीस-पन्नास मीटरवरून एका फोटोत अख्खा प्लॉट घेतो. इथे तुम्ही तळापासून दीड-दोन मीटरवर असता आणि एका फोटोत सतरंजीएवढा तुकडा येतो. त्यातही सपाट काचेमागे कॅमेरा असेल तर त्याची नजर आकसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. हवेत आडवं ६० अंश बघणारी लेन्स पाण्यात ४४ अंशच बघते.

आता आकडे घाला. ४००० बाय ३००० पिक्सेलचा कॅमेरा, पाण्यातली नजर ४४ अंश, तळापासून उंची २ मीटर. फोटोत १.६ मीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब तुकडा येईल, एक पिक्सेल म्हणजे ०.४ मिलिमीटर. फोटोची रुंद बाजू चालीला आडवी ठेवा. मागच्या-पुढच्या फोटोंत ७५ टक्के ओव्हरलॅप हवा, म्हणजे दर ३० सेंटिमीटरला एक फोटो. यंत्र सेकंदाला ३० सेंटिमीटर चाललं तर सेकंदाला एक. शेजारच्या पट्ट्यांत ४० टक्के ओव्हरलॅप धरला तर दोन पट्ट्यांत १ मीटर अंतर. २० बाय २० मीटरच्या चौकोनाला २० पट्ट्या, ४०० मीटर चाल, साडेतेराशेच्या आसपास फोटो आणि वळणं सोडून २२ मिनिटं. तासाला साधारण दहा गुंठे झाले. हा हिशेब एकदा कागदावर केला की पाण्याखाली ड्रोनसारखं काम का उरकत नाही ते कळतं.

पण पहिल्यांदा करत असाल तर १ मीटरच्या पट्ट्या ठेवू नका. यंत्राला आपली जागा नीट कळत नाही, ते अर्धा मीटर इकडे-तिकडे सरकतं. शेजारच्या दोन पट्ट्या उलट दिशांना तेवढ्या सरकल्या की मध्ये जमीन सुटली. ६० सेंटिमीटर ठेवा. वेळ जास्त जाईल, पण भोक पडणार नाही. शटरचंही बघा. ०.४ मिलिमीटरचा पिक्सेल आणि सेकंदाला ३०० मिलिमीटर वेग, तर सेकंदाच्या साडेसातशेव्या भागापेक्षा शटर जास्त वेळ उघडं राहिलं की फोटो हलला. हजारावा भाग ठेवा आणि शक्य असेल तर ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खा फोटो एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा घ्या. रोलिंग शटर फोटो ओळीओळीने टिपतो, त्यामुळे चालत्या यंत्रावर तळाच्या रेषा तिरक्या होतात आणि जुळणी उगाच कष्टाची होते.

प्रश्न : आमच्या फोटोंत सगळं हिरवट येतं. दिवे लावले की पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस दिसतो. एडिटिंगमध्ये लाल रंग वाढवला तर नकाशा आणखी बिघडला. (इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : ठिपक्यांचं आधी. धुक्यात कसारा घाट उतरताना हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे तुमच्या घरात गाडी चालवणारं कुणीही सांगेल. लेन्सला चिकटून दिवा लावला की पाण्यात तेच होतं. लेन्ससमोरच्या पाण्यातला गाळाचा कण न् कण उजळतो आणि तो प्रकाश सरळ लेन्समध्ये परततो. उपाय एकच, दिवे लांब न्या. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना ६० ते ७५ सेंटिमीटरवर एकेक दिवा बसवा आणि दिव्यांची तोंडं किंचित बाहेर वळवा. दोन्ही झोतांच्या आतल्या कडा तळाजवळ एकमेकींना भेटल्या पाहिजेत, लेन्सच्या तोंडाशी नाही. बादलीत थोडी माती कालवून ते पाणी टाकीत ओता आणि दिव्यांचा कोन डोळ्यांनी बघत जुळवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता रंग. शुद्ध पाणीसुद्धा लाल प्रकाश गिळतं, एका मीटरला जवळजवळ ३० टक्के. दिवा यंत्रावर असेल आणि उंची २ मीटर असेल तर प्रकाश २ मीटर खाली जातो आणि २ मीटर वर येतो. या ४ मीटरांत लाल प्रकाश पावहिस्सा उरतो, हिरवा मात्र ८० टक्के. शेवाळ आणि कुजका पाला असलेल्या पाण्यात निळाही जातो, म्हणून आपल्याकडच्या धरणांत आणि तळ्यांत चित्र हिरवट दिसतं, खुल्या समुद्रात निळं. तुम्ही लाल वाढवलात तेव्हा लाल प्रकाश परत आला नाही. लाल चॅनलमध्ये जो थोडा उरला होता त्यासोबत सेन्सरची खरखर चौपट झाली, आणि सॉफ्टवेअरने त्या खरखरीलाच खडे समजून जोड्या लावल्या. क्रम उलटा करा. जुळणी हिरव्या चॅनलवर किंवा करड्या चित्रावर करा, तीव्रता वाढवायचीच असेल तर सगळ्या फोटोंना एकच मापाने वाढवा, आणि रंग अगदी शेवटी, नकाशा जुळल्यावर सुधारा. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही न सुधारता, साठवा. व्हाइट बॅलन्स, आयएसओ, एक्स्पोजर सगळं हाताने कुलूपबंद करा. ऑटोवर सोडलेला कॅमेरा दर फोटोला तळाचा रंग बदलून देतो.

दिव्याची ताकद वाढवण्याआधी उंची कमी करून बघा. ज्या पाण्यात मीटरमागे ४० टक्के प्रकाश जातो, तिथे उंची २ वरून ३ मीटर केली की कॅमेऱ्यात पोहोचणारा उजेड सहावा हिस्सा होतो. दिव्याचा झोत पसरून सव्वादोनपट पातळ होतो आणि वाढलेलं २ मीटर पाणी उरलेल्यातला बराच खातो. सहापट दिवा लावायचा तर बॅटरी तेवढी, बॅटरी तेवढी तर डबा तेवढा. मीटरभर खाली येणं फुकट आहे.

प्रश्न : दोन कॅमेऱ्यांचा स्टिरिओ सेट केला. लॅबमध्ये चेसबोर्ड दाखवून कॅलिब्रेशन (लेन्सची नेमकी मापं काढणं) केलं, चूक ०.२ पिक्सेल. पाण्यात मात्र २ मीटरवरचा दगड दीड मीटरवर दाखवतो, आणि गंमत म्हणजे दगडाची रुंदी बरोबर येते. कॅमेरा बिघडला आहे का? (नाशिक रोड)

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे, कॅलिब्रेशन हवेतलं आहे. सपाट काचेमागे पाण्यात लेन्सची फोकल लांबी १.३३ पट असल्यासारखी वागते. तुमचं सॉफ्टवेअर जुनीच फोकल लांबी धरून अंतर काढतं, म्हणून अंतर पाव हिश्शाने कमी येतं. रुंदी काढताना मात्र हेच कमी अंतर त्याच कमी फोकल लांबीने भागलं जातं. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. नुसती रुंदी तपासून खूश होणारे म्हणूनच फसतात. उंची किंवा खोली तपासा.

कॅलिब्रेशन पाण्यातच करायचं, आणि ज्या डब्यात, ज्या काचेमागे, ज्या स्क्रूच्या आवळणीत कॅमेरा काम करणार आहे तसाच ठेवून. चेसबोर्ड कागदाचा किंवा प्लायचा नको, फुगतो आणि वाकतो. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो ३ मिलिमीटर एसीपी शीट घ्या, त्यावर मॅट व्हिनाइलचं प्रिंट चिकटवून घ्या. चकचकीत लॅमिनेशन केलंत तर दिव्याचा डाग नेमका चौकटींच्या कोपऱ्यावर येतो. चौकट ३० मिलिमीटरची. ती प्रिंटरवर विसंबून न राहता व्हर्नियरने मोजा. प्रिंट काढणारा 'फिट टू पेज' करून देतो आणि ३० चे २९.४ होतात, मग अख्खा नकाशा २ टक्क्यांनी चुकतो.

तरणतलावात परवानगी काढून गर्दी नसलेल्या वेळी उथळ बाजूला जा. कॅमेरा स्थिर, बोर्ड हलता. अर्ध्या मीटरपासून दीड मीटरपर्यंत चाळीस-पन्नास फोटो, त्यात बोर्ड चारही कोपऱ्यांत गेला पाहिजे आणि ४५ अंशांपर्यंत डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे कलला पाहिजे. सगळे फोटो मधोमध आणि सरळ घेतले तर चूक कागदावर सुरेख दिसते आणि कडांना नकाशा वाकतो. ओपनसीव्ही या सॉफ्टवेअरने गणित केल्यावर ०.५ पिक्सेलच्या आत चूक आली की पुरे. पाण्याबाहेर आणल्यावर काचेचा एक स्क्रू जरी सैल केलात तरी पुन्हा पहिल्यापासून.

फोकसची चूकही इथेच होते. पाण्यातली २ मीटरवरची वस्तू सपाट काचेतून दीड मीटरवर भासते, म्हणून घरात टेबलावर दीड मीटरवर फोकस लावून रिंगला टेप मारायचा. ऑटोफोकस बंद, तो चालू असेल तर दर फोटोला फोकल लांबी बदलते आणि कॅलिब्रेशन पाण्यात जातं. घुमटाची काच वापरली तर नजर आकसत नाही, पण कॅमेऱ्याचं प्रकाशकेंद्र घुमटाच्या बरोबर मध्यावर बसवावं लागतं, आणि बाहेरचं सगळं दृश्य घुमटाजवळच भासतं. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या घुमटात अनंतावरची वस्तूही काचेपासून साधारण १५ सेंटिमीटरवर दिसते. लेन्सला तेवढ्या जवळ फोकस जमत नसेल तर घुमटाचा उपयोग नाही. पहिल्या यंत्राला सपाट काचच बरी.

कॅमेऱ्यांमधलं अंतर किती ठेवावं, असंही तुम्ही विचारलं आहे. वरच्याच कॅमेऱ्याने २ मीटरवरून, अर्ध्या पिक्सेलची चूक धरून, १५ सेंटिमीटर अंतराला खोली साधारण पावणेतीन मिलिमीटरपर्यंत बरोबर येते; ६ सेंटिमीटरला साडेसहा-सात. पंधरा ठेवा.

प्रश्न : शेततळ्यात चाचणी घेतली. पाणी नितळ होतं, फोटो स्वच्छ आले, तरी सॉफ्टवेअर एकही फोटो जोडत नाही. (दिंडोरी)

उत्तर : तळ्याला प्लास्टिकचा कागद असणार. काळ्या गुळगुळीत कागदावर पकडायला काहीच नाही. सॉफ्टवेअर खडे, भेगा, डाग शोधतं. जुनी छापील पोती दगड बांधून तळाशी सोडा, विटांचे तुकडे विखरा, पण सारख्या अंतरावर मांडू नका आणि एकाच छापाची पोती नकोत, नाहीतर हे पोतं ते पोतं वाटून सगळं एकावर एक बसेल. दगडांनी कागद फाटणार नाही एवढं बघा, तळं कुणाच्या तरी बागेचं आहे.

प्रश्न : सपाट तळाचं मॉडेल मध्ये फुगलेलं येतं, उपड्या परातीसारखं. कधी उलटं, खोलगट. २० मीटरमागे ३० सेंटिमीटर फरक. प्रत्यक्षात तळ सपाट आहे, दोरीने मोजला. (सिन्नर)

उत्तर : लेन्सच्या कडांच्या वाकडेपणाचा अंदाज जराही चुकला आणि सगळे फोटो सरळ खाली बघत, समांतर पट्ट्यांत काढले, तर ती चूक फोटोगणिक साचत जाते. सॉफ्टवेअरला वाकलेली लेन्स आणि सपाट तळ, की सरळ लेन्स आणि वाकलेला तळ, हे वेगळं करता येत नाही. दोन्ही गोष्टी फोटोंशी सारख्याच जुळतात. पाण्यात हा रोग ड्रोनपेक्षा जास्त, कारण सपाट काचेचं अपवर्तन लेन्सच्या नेहमीच्या सूत्रात पूर्ण बसतच नाही. ते अंतरानुसार बदलतं.

यावर तीन गोष्टी कराव्यात आणि तिन्ही कराव्यात. पट्ट्या पूर्ण झाल्यावर त्यांना काटकोनात चार-पाच पट्ट्या घ्या. त्यातल्या एक-दोन कॅमेरा १५ अंश पुढे कलवून घ्या. आणि तळावर मोजपट्ट्या ठेवा, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना कोड छापलेले मार्कर. दोन मार्करांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर स्टीलच्या टेपने मिलिमीटरपर्यंत मोजलेलं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. प्रत्येकीची खोली दाबमापकाने नोंदवून ठेवा. कोपऱ्यांवर मॉडेल बांधा, मधली मोजपट्टी मात्र गणितात घेऊ नका. ती तपासायला आहे. काटकोनातल्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा असा की यंत्र जुन्या जागेवर परत आलं हे सॉफ्टवेअरला ओळखता येतं आणि साचलेलं सरकणं तिथे वळतं होतं.

प्रश्न : तळावरून चाल मोजणारा ध्वनी-सेन्सर म्हणजे डीव्हीएल आमच्या बजेटबाहेर आहे. त्याच्याशिवाय यंत्र आपली जागा कशी ओळखेल? (कॉलेजचा प्रकल्प गट, नाशिक)

उत्तर : लहान चौकोनात ओळखेल, मोठ्यात हरवेल. स्वस्त आयएमयूच्या (त्वरण आणि फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) त्वरणावरून जागा काढू नका. त्वरणातली बारीक चूक दोनदा बेरजेत जाते आणि मिनिटाभरात यंत्र कागदावर धरणाच्या भिंतीपलीकडे जातं. आयएमयू फक्त कल आणि दिशा सांगायला ठेवा. खोलीला दाबमापक चांगला आणि स्वस्त. १० मीटर पाण्याला साधारण एक बार दाब वाढतो. तळापासूनच्या उंचीला एक खाली तोंड केलेला ध्वनी-उंचीमापक घ्या, तो डीव्हीएलच्या मानाने फार स्वस्त मिळतो. एका कॅमेऱ्याला माप कळत नाही (जवळचा लहान खडा आणि लांबचा मोठा खडा त्याला सारखेच), पण उंची सेंटिमीटरमध्ये मिळाली की फोटो-फोटोंमधलं सरकणं मीटरमध्ये मांडता येतं. डीव्हीएलचं अर्धं काम तिथे झालं.

दिशेसाठी होकायंत्र असेल तर ते पंख्यांच्या मोटरपासून लांब ठेवा. मोटर चालू केल्यावर दिशा ५ अंश सरकली तर २० मीटरच्या पट्टीच्या टोकाला पावणेदोन मीटर चूक होते. कोरड्यावर मोटर फिरवून बघितलं तरी हे लगेच दिसतं.

आणि घड्याळ. कॅमेऱ्याची वेळ आणि लॉगची वेळ अर्धा सेकंद जरी वेगळी असली तर सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने १५ सेंटिमीटरची चूक घरबसल्या मिळते. पाण्यात सोडण्याआधी आणि काढल्यावर कॅमेऱ्यासमोर लॅपटॉपवरचं सेकंदाचं घड्याळ धरून फोटो घ्या. दोन्ही वेळचा फरक वेगळा आला तर कॅमेऱ्याचं घड्याळ धावतं आहे, तो फरक वाटून घ्या. कॅमेऱ्याला बाहेरून ट्रिगर देता येत असेल तर हा त्रासच नाही.

जुळणी करताना फोटो सगळ्यांशी सगळे जोडायला लावू नका. साडेतेराशे फोटोंच्या नऊ लाखांवर जोड्या होतात. कोलमॅप या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमाने जुळवण्याची सोय आहे. मागचे-पुढचे दहा-पंधरा फोटो आणि शेजारच्या पट्टीतले जवळचे एवढेच द्या. पहिली फेरी फोटो निम्म्या आकारात आणून करा. दाट मॉडेलसाठी त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे संगणक घेण्याआधी बघा.

प्रश्न : नाशिकला तलावात जुळवलेलं यंत्र मालवणला नेणार आहोत. काय काय बदलेल? (नाशिक)

उत्तर : ते बुडणारच नाही. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड आहे. इथे १२ लिटर पाणी सारणारं यंत्र तिथे ३०० ग्रॅम जास्त उचललं जाईल. शिशाचे ५०-५० ग्रॅमचे तुकडे सोबत न्या आणि किनाऱ्यावर जुळवा. पूर्ण तोल साधू नका; शंभर-दोनशे ग्रॅम तरंगण्याकडे कल ठेवा. बॅटरी गेली तर वर येईल हे एक. दुसरं कमी लोकांच्या लक्षात येतं. तरंगू पाहणाऱ्या यंत्राला खाली राहण्यासाठी पंख्याने पाणी वर फेकावं लागतं. जड यंत्र पाणी खाली फेकतं, तळाचा गाळ उठतो आणि पुढचे दहा फोटो चहाच्या रंगाचे येतात.

समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक १.३४ च्या आसपास, म्हणजे कॅलिब्रेशनही अर्धा टक्का सरकेल. चेसबोर्ड सोबत घ्या. परत आल्यावर ओ-रिंगच्या (डबा पाणबंद करणाऱ्या रबरी कड्यांच्या) खाचा, स्क्रू, कनेक्टर गोड्या पाण्यात तासभर भिजवा. खारं पाणी वाळू दिलंत तर अॅल्युमिनियम स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरं पडून फुगतं आणि मग स्क्रू तुटतो, सुटत नाही.

प्रश्न : डब्याच्या काचेला आतून दव धरतं. गळती नाही, तपासली. (ओझर)

उत्तर : सकाळच्या दमट हवेत डबा बंद करता, आतले सर्किट ती हवा तापवतात, काच बाहेरच्या थंड पाण्याला टेकलेली. सिलिका जेलच्या ताज्या पुड्या घाला (निळे दाणे गुलाबी झाले की त्या गेल्या, तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळ्या होतात), आणि डबा दुपारच्या कोरड्या हवेत बंद करा. गळती कशी तपासली ते लिहिलेलं नाही. बादलीत बुडवून बुडबुडे बघणं पुरेसं नाही. हातपंपाने १० इंच पाऱ्याएवढी हवा काढा आणि १५ मिनिटं काटा बघा. उतरला तर ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण शोधा, बहुतेक वेळा तेच सापडतं. सिलिकॉन ग्रीस बोटाला जेमतेम लागेल इतकंच. थापलेलं ग्रीस धूळ पकडतं.

प्रश्न : गंगापूर धरणात किती गाळ साठला आहे, हे अशा कॅमेऱ्याने मोजता येईल का? (गंगापूर रोड)

उत्तर : नाही. कॅमेऱ्याला गाळाचा वरचा पृष्ठभाग दिसतो, तोही मीटर-दोन मीटरवरून आणि पाणी स्वच्छ असेल तरच. एवढ्या जलाशयाला बोटीवरचा इको साउंडर (ध्वनीने खोली मोजणारं यंत्र) आणि जीपीएस हेच योग्य. किंवा पाणी उतरताना उपग्रहचित्रांवरून पसारा मोजून. जलाशयातल्या गाळाचा अभ्यास आपल्या गावातच, दिंडोरी रोडच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) होतो. कॅमेऱ्याला धरणात काम आहे ते भिंतीच्या पाण्याखालच्या भागाचं, दरवाज्यांच्या खोबणींचं, म्हणजे जिथे भेग मिलिमीटरमध्ये बघायची असते तिथे. आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे काही सोडू नका.

प्रश्न : इतकं सगळं तळाजवळ जाऊन करायचं, तर खोल समुद्राचा नकाशा कधी होणार? मुलांना काय सांगू? (शिक्षिका, निफाड)

उत्तर : मुलांना गुंठ्यांत सांगा. वरच्या हिशेबाने तासाला दहा-अकरा गुंठे. मध्य हिंदी महासागरात बहुधातू गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी त्याचा करार २००२ साली झाला. एवढं क्षेत्र एका यंत्राने अशा फोटोंनी झाकायचं म्हटलं तर रात्रंदिवस चालून जवळजवळ आठ हजार वर्षं लागतील. म्हणून आधी ध्वनी. जहाजाखालचा सोनार एक अंशाचा झोत सोडतो. ५,००० मीटर खोलीवर तो झोत तळावर सुमारे ८७ मीटर रुंद पडतो, म्हणजे अख्खं खेळाचं मैदान हा नकाशातला एक ठिपका. तेवढ्याच अंशाच्या झोताचा लहान सोनार स्वयंचलित यंत्रावर बसवून तळापासून ५० मीटरवर नेला की ठिपका मीटरभरापेक्षा लहान होतो. त्यात जिथे काही वेगळं दिसेल तेवढ्याच ठिकाणी यंत्र आणखी खाली उतरतं आणि दिवा लावून फोटो काढतं. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था) आणि गोव्याचं एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) या संस्थांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या उष्णजलाच्या झऱ्याचं छायाचित्र मिळवलं, ते 'ओएमई ६०००' या स्वयंचलित यंत्राने.

धातूंचे गोळे बटाट्याएवढे असतात, तेव्हा फोटोत मोजता येतात. पण निम्मे-अर्धे गाळात रुतलेले किंवा पूर्ण पुरलेले असले की फोटोतला आकडा कमी भरतो. म्हणून मधूनमधून पेटीसारख्या यंत्राने तळाचा चौकोन कापून वर आणतात आणि त्या मापाने फोटोतली मोजणी सुधारतात. वर्गात करता येईल. परातीत वाळू, त्यात बटाटे, काही उघडे, काही पुरलेले. वरून मोबाइलने फोटो, मग मोजणी, मग वाळू उपसून खरी मोजणी.

प्रश्न : नाशिकच्या आसपास चाचणीला कोणता महिना बरा? (नाशिक)

उत्तर : पावसाळ्यात नको, गोदावरी आणि तिच्यावरच्या धरणांत तेव्हा वीतभर दिसणं मुश्किल. दिवाळीनंतर पाणी निवळतं. फेब्रुवारीपर्यंत ठीक, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवं होतं. वेळ सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी, कारण ३ मीटरपेक्षा उथळ पाण्यात उन्हाची जाळी तळावर नाचते आणि सॉफ्टवेअर तिलाच तळ समजून धरू बघतं.

महिन्यावर न विसंबता त्या दिवशीचं पाणी मोजा. इटलीच्या सेक्की या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली युक्ती अजून तितकीच कामाची आहे. २० सेंटिमीटरची पत्र्याची तबकडी, चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवलेले, मध्ये आय-बोल्ट, खाली अर्धा किलो वजन. बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी झाली की दोरी चिमटीत धरा, मग वर ओढत पुन्हा दिसू लागली तिथे धरा. दोन्हींची सरासरी ती खोली. तिच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उंचीवरून फोटो काढू नका. तबकडी ३ मीटरला गेली तर यंत्र तळापासून १ मीटरवर, आणि पट्ट्यांचा सगळा हिशेब त्या उंचीने नव्याने. दोरी नायलॉनची नको, ती भिजली की ताणते; आणि गाठी मारायच्या त्या दोरी ओली करून, वजन लटकवून, मग टेप लावून.